एकट्याची ज्वारी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा मेसेज आला. काका टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. अकरा सेकंदांचा आवाज. "हुरडा आलाय. येत्या रविवारी या समदे. त्याच्या पुढं पाखरं काही ठेवायची नाहीत. अन् दादाला घेऊन ये." शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं होतं. मागे काकू भांडी घासत होती, तो आवाज त्या वाक्यापेक्षा मोठा होता.

दादा म्हणजे माझे पप्पा. पप्पा आणि काका चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. भांडणाचं कारण विहिरीवरची मोटार. वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक राहिली. चार दिवस पाणी काकांचं, तीन दिवस पप्पांच्या वाट्याचं, म्हणजे पप्पांची जमीन बटईनं करणाऱ्या माणसाचं. एका उन्हाळ्यात मोटार जळाली. दुरुस्तीला साडेसहा हजार लागले. ती कुणाच्या दिवशी जळाली यावरून बोलणं झालं, त्यातून आजीचा दवाखाना निघाला, त्यातून आत्याच्या लग्नातला खर्च निघाला, आणि शेवटी दोघांनीही फोन ठेवला तो ठेवलाच. साडेसहा हजार रुपये आणि चार वर्षं. हिशेब कसाही मांडला तरी तो महाग पडतो, पण आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नाही.

मी पुण्यात नोकरी करते. त्या वेळी दोन आठवडे घरून काम करायला संभाजीनगरला आले होते, सिडकोतल्या आमच्या घरी. मम्मीला मेसेज ऐकवला. ती म्हणाली, "तूच विचार त्यांना. माझं नाव घेऊ नको." पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, गुडघा दुखतो. पप्पा रोज सकाळी हिमायतबागेत चार चकरा मारतात. गुडघा फक्त गावच्या दिशेनं दुखतो.

*

त्याच्या आधीच्याच रविवारी मी हुरडा खाऊन आले होते. पैसे देऊन.

डिसेंबर लागला की आमच्या शहराच्या बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर हुरडा पार्टीचे फ्लेक्स लागतात. दौलताबादकडे, पैठणकडे, जळगाव रोडला. माणशी सहाशे रुपये. त्यात सकाळी हुरडा, दुपारी पिठलं, बाजरीची भाकरी, भरीत, ठेचा, बैलगाडीची एक फेरी, झाडाला बांधलेला झोका आणि फोटोपुरता डोक्यावर फेटा. कॉलेजचे आम्ही सात-आठ जण गेलो होतो. मजा आली, खोटं कशाला बोलू. थंडी होती, गाणी होती, कुणाला ऑफिसमधून फोन येत नव्हता.

हात धुवायला पत्र्याच्या शेडमागे गेले तेव्हा दिसलं, की समोर पेटलेली आगटी फोटोसाठी आहे आणि आमचा हुरडा गॅसवरच्या कढईत गरम होतोय. प्लास्टिकच्या पाकिटातला, फ्रीजरमधला. कढईवर एक बाई होत्या. मी बघतेय म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, "इकडं आता ज्वारी कोण पेरतंय ताई? कणसं लांबून येतात. गाडी येते त्या दिवशी आगटीवरचा मिळतो, बाकीचे दिवस असाच." त्यांच्या बोलण्यात अपराधीपणा नव्हता. त्यांनी मला त्यांचे तळहात दाखवले. गाडीच्या दिवशी शंभर-सव्वाशे माणसांचा हुरडा त्या दोघी-तिघी चोळतात. तळहात चपलेच्या तळासारखे झाले होते.

ज्यांना हुरडा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण माझ्या पुण्यातल्या टीममधल्या निम्म्या लोकांना वाटतं की हुरडा हे धान्याचं नाव आहे. हुरडा म्हणजे ज्वारीच्या आयुष्यातले आठ-दहा दिवस. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. कणसात दाणा भरायला लागला की सुरुवातीला नखानं दाबल्यावर पांढरं दूध येतं. पूर्ण पिकल्यावर नख लागत नाही. या दोन्हींच्या मधे असे काही दिवस येतात, की दूध आटलेलं असतं पण पीठ झालेलं नसतं. दाण्यातल्या सगळ्या साखरेचं अजून स्टार्च झालेलं नसतं. म्हणून तो गोड लागतो. कणीस खुडल्यावरही तो गोडवा फार वेळ थांबत नाही. म्हणून हुरडा शेतातच खायचा असतो. ताटाजवळ आगटी, आगटीजवळ माणसं.

आगटी आणि शेकोटी वेगळी. शेकोटी अंग शेकायला, तिला जाळ लागतो. आगटीला जाळ चालत नाही. जमिनीत हात-दीड हात खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या आणि त्यांचा लालभडक विस्तव होईपर्यंत गप्प बसायचं. मग हिरवी कणसं त्या गरम राखेत खुपसायची, फिरवत राहायची. दोन-चार मिनिटांत दाणे तडतडायला लागतात. बाहेर काढून गरम असतानाच दोन्ही तळहातांत चोळायचं. थंड झालं की दाणा सुटत नाही. मग सुपात पाखडून किंवा नुसती फुंकर मारून भूस उडवायचं. हिरवे, धुरकट, वाफाळते दाणे उरतात. त्यांच्यासोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, गूळ, दही. बाजूला बोरं, पेरू, ऊस, हरभऱ्याचे ढाळे.

सगळ्याच ज्वारीचा हुरडा चांगला होत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी भाकरीची राणी आहे, पण हुरड्याला लोक सुरती, गुळभेंडी अशी वाणं शोधतात, कारण त्यांचा दाणा गोड असतो आणि चोळल्यावर टरफल पटकन सोडतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं तर 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' ही वाणं खास हुरड्यासाठीच काढली. हुरडा इतका महत्त्वाचा आहे, की विद्यापीठ त्यावर वर्षानुवर्षं काम करतं. आणि इतका कमी झालाय, की तो आम्हाला पाकिटातून मिळतो.

*

शनिवारी संध्याकाळी मी पप्पांना दुसऱ्यांदा विचारलं. ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही'. मी चिडून बाहेर पडले आणि कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला. ती शहागंजच्या बाजूला राहते. म्हणाली, ये, थंडी आहे, नान-खलिया खाऊ.

संभाजीनगरच्या हिवाळ्यातली ही दुसरी आग. संध्याकाळी जुन्या शहरात शिरलं की आधी भट्टीचा वास येतो. तंदूरच्या तोंडातून लाल उजेड गल्लीत पडलेला असतो. भट्टीवरचा माणूस अर्धा आत वाकून नान भिंतीला चिकटवतो आणि लांब सळईनं काढतो. इथला नान मऊ, फुगीर, वरून पिवळसर तुकतुकीत. आणि खलिया म्हणजे मोठ्या डेगेत तासन् तास शिजलेला मटणाचा रस्सा, वर लाल तवंग. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिचं नाव दौलताबाद केलं. त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इथे आला, एका वेळी हजारोंना पोटभर घालता येईल म्हणून, असं शहरात सगळेच सांगतात. राजधानी पुढे दिल्लीला परत गेली. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, तिचं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर झालं. भट्टी चालूच आहे.

आम्ही भट्टीला लागून असलेल्या बाकड्यावर बसलो, कारण तिथे पाठ गरम राहते. मी तिला म्हटलं, मला हे एकदा घरी करायला शिकव. ती हसली. "घर में नै बनता यार. चार लोगों का खलिया, खलियाच नै लगता. शादी में बनता, नै तो भट्टी पे." मी म्हटलं, मसाल्याचं प्रमाण चारनं भागायचं, त्यात काय. ती म्हणाली, आग कशी भागशील?

मला उत्तर सुचलं नाही. डेग एकदा चढली की ती पन्नास माणसांसाठीच चढते. तंदूर एकदा तापला की दोन नानांसाठी तापवला असं कुणी म्हणत नाही. पुण्यात मी बहुतेक रात्री एकटी जेवते. पार्सल येतं, समोर लॅपटॉप असतो. त्याची मला सवय आहे आणि तक्रारही नाही. पण तिथे बाकड्यावर, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून, नानाचा तुकडा बुडवताना जाणवलं, की काही जेवणं एकट्या माणसाला धरून बनवलेलीच नाहीत.

घरी आले तेव्हा पप्पा जागे होते. टीव्ही बंद करून म्हणाले, "मी आईला भेटायला येतो. जेवायला थांबणार नाही." आजी काकांकडे राहते. मी म्हटलं, ठीक आहे.

*

सकाळी सातला निघालो तेव्हा फोनवर ११ अंश होते. हर्सूलचा तलाव धुक्यात होता. सावंगीजवळ समृद्धी महामार्ग आडवा जातो, त्याच्या पुढे चौका, मग फुलंब्री. पप्पा खिडकीतून बाहेर बघत पिकं मोजत होते. ही त्यांची जुनी सवय आहे. "मका. कपाशी. मका. अद्रक. गहू. मका." मी विचारलं, तुमच्या लहानपणी काय असायचं? म्हणाले, "दिवाळीनंतर या रस्त्यावर ज्वारीशिवाय काही दिसायचं नाही. एसटीत बसलं की दोन्हीकडं भिंत असायची." मग बराच वेळ गप्प बसले.

काकांच्या शेतात पोचलो तर ज्वारी सापडेना. चहूकडे मका. मग दिसली. विहिरीच्या अलीकडे, पप्पांच्या बांधाला अगदी लागून, चार गुंठ्यांचा हिरवा तुकडा. त्याच्यावर जुन्या साड्या ताणलेल्या, चमकणाऱ्या पट्ट्या बांधलेल्या, तारेला लोंबकळणारे रिकामे डबे. मधोमध लाकडाचा माळा आणि माळ्यावर काका, हातात गोफण. आम्हाला बघून ते उतरले. पप्पांनी आजीला वाकून नमस्कार केला. काकांनी पप्पांना वाकून नमस्कार केला, मोठा भाऊ म्हणून, पण तोंडातून शब्द नाही. पप्पांनी हात त्यांच्या पाठीपर्यंत नेला आणि मधेच थांबवला.

काकूनं आगटी आधीच पेटवली होती. तुराट्या आणि पऱ्हाट्या जळून गेल्या होत्या, गोवऱ्यांचा विस्तव झाला होता. पोत्यांवर आम्ही सगळे खड्ड्याभोवती बसलो. पप्पा एका बाजूला, काका बरोबर समोर. मला वाटलं, आता अवघड होणार. पण झालं नाही. आगटीभोवती बसलेला प्रत्येक जण विस्तवाकडे बघतो. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघायची गरजच पडत नाही. हातांना काम असतं, तोंडात दाणे असतात, धुराचं निमित्त असतं. न बोलणारी माणसं इथे न बोलता बसू शकतात आणि ते विचित्र दिसत नाही.

पहिला हुरडा आजीला. तिला दात नाहीत. काकूनं तो खलबत्त्यात गूळ घालून कुटला. मग आम्हाला. मी पहिला घास घेतला आणि मागच्या रविवारच्या सहाशे रुपयांना मनातल्या मनात माफ केलं. हे आणि ते एकच आहे असं त्यांनी म्हटलं, त्यात त्यांची चूक नव्हती. माझी जीभच विसरली होती.

थोड्या वेळानं काका विस्तवाला म्हणाले, "अवंदा शेवटची. पुढच्या साली नाही पेरत."

काकू म्हणाली, "पेरून करायचं काय? निम्मी पाखरांनीच खाल्ली. हे पहाटं पाचला माळ्यावर चढतेत, मी ताट बडवीत फिरते. चार गुंठ्यांपायी दोन माणसं गुंतली."

मी विचारलं, "पण काका, पाखरं तर पूर्वीही होती ना?"

"व्हती की. पाखरं तेवढीच हायेत. ज्वारी तेवढी नाई."

मला ते कळायला मिनिटभर लागलं. मग मी काडीनं राखेवर हिशेब मांडला. समजा शिवारात पाचशे पाखरं आहेत. समजा एक पाखरू दिवसाला दहा ग्रॅम दाणे खातं. म्हणजे दिवसाला पाच किलो, महिन्याला दीडशे किलो. शिवारात शंभर एकर ज्वारी असेल तर एकराला दीड किलो. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण शिवारात फक्त चार गुंठे असतील तर? चार गुंठ्यांत सगळं नीट पिकलं तरी शंभर किलोच्या आसपास. म्हणजे पाखरांनाच पुरणार नाही.

"बरोब्बर," काका म्हणाले. "एकट्याची ज्वारी पाखराची असते. समद्यांनी पेरली तर समद्यांची."

मग बाकीची कारणंही आली, एकेक कणीस फिरवावं तशी. ज्वारी हातानं उपटावी लागते, धसकटासकट. कंबर मोडते, आणि त्या कामाला माणसं मिळत नाहीत. मक्याला मशीन आहे. ज्वारीचा कडबा जनावरांसाठी हवा असायचा, आता दावणीला जनावरंच नाहीत. रेशनला गहू-तांदूळ मिळतो. ज्वारी जमिनीतल्या ओलीवर यायची, विहिरी-शेततळी नसलेल्यांचं पीक होती ती. पाणी आलं तशी कपाशी आली, अद्रक आलं. यातलं एकही कारण चुकीचं नव्हतं. कुणीही ज्वारीवर राग म्हणून ती सोडलेली नाही. एकानं सोडली, शेजाऱ्यावर पाखरांचा भार वाढला, मग त्यानं सोडली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये त्या वर्षी ज्वारीचे पॅनकेक मिळाले. काकांच्या शिवारात त्याच वर्षी ज्वारी पेरणारे दोघे उरले होते. दुसऱ्यानं पुढच्या हंगामात मका केला.

पप्पा काही बोलले नाहीत. ते बांधाकडे बघत होते. बांधाच्या पलीकडे त्यांचा वाटा. तिथे बटईदाराचा मका उभा होता.

*

बोलली ती आजी. गोधडीतून तोंड बाहेर काढून मला म्हणाली, "बहात्तरला मी तुझ्याएवढी व्हते."

१९७२ चा दुष्काळ मी पुस्तकात वाचलाय. महाराष्ट्रात रोजगार हमी त्यातून उभी राहिली, गावोगाव पाझर तलाव आणि रस्ते झाले. आजीनं तेव्हा रस्त्यासाठी खडी फोडली. कामावर सुकडी मिळायची. रेशनला मिलो आला, परदेशातून आलेली लाल ज्वारी.

"मिलोची भाकर थापाया गेलं की तुटायची," आजी म्हणाली. "चव ना ढव. एक भाकर दोघांत. हा एकीकडून वढायचा, तो एकीकडून." तिनं दोन्ही मुलांकडे हनुवटीनं दाखवलं. "मला वाटायचं, ह्यांच्या भांडणानं तुटती. पर ती मिलोच तशी. तुटायला भांडण लागत नव्हतं."

काकू फिसकन हसली. काकाही हसले. पप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"त्या साली कुण्याच्याच शेतात आगटी पेटली नाई," आजी पुढे म्हणाली. "पुढच्या साली पाऊस झाला, तर बी नव्हतं. समद्यांनी खाऊन टाकलेलं. ज्यानं गाडग्यात लपवून ठिवलं व्हतं त्यानं मापट्यानं वाटलं. मी दोन मापटे आणले. पदरात." एवढं बोलून ती परत गोधडीत गेली. गोष्टीचं तात्पर्य सांगायची तिला सवय नाही.

पप्पांनी पुढे होऊन राखेतलं एक कणीस उचललं आणि तळहातांत धरून चोळायला लागले. पप्पा बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत होते. तळहात कागदासारखे मऊ. दोनदा चोळलं, "स्स" केलं, हात बदलला, परत चोळलं. दाणे सुटेनात. आम्ही सगळे विस्तवाकडे बघत होतो, म्हणजे न बघितल्यासारखं करत होतो.

"दादा, आण इकडं," काका म्हणाले. "हात भाजतील तुव्हे."

चार वर्षांतलं पहिलं वाक्य. पप्पांनी आगटीवरून हात लांब केला. काकांनी कणीस घेतलं, तीन घसाऱ्यांत मोकळं केलं, फुंकर मारली आणि दाणे पप्पांच्या ओंजळीत ओतले. पप्पांनी ते खाल्ले. पुढे काही झालं नाही. कुणी रडलं नाही, कुणी मिठी मारली नाही, मोटारीचा विषय निघाला नाही. दुपारी काकूनं भाकरी टाकल्या, वांग्याचं भरीत केलं आणि पप्पा जेवायला थांबले. थांबणार नव्हतात ना, असं मी विचारलं नाही.

निघताना पप्पा ज्वारीच्या कडेनं एक चक्कर मारून आले. एका कोपऱ्यात दहा-बारा कणसांना जुन्या शर्टाच्या कापडाच्या पिशव्या शिवून बांधल्या होत्या. पप्पा मला म्हणाले, "विचार, बियाण्याला ठेवलीत का." काका दोन हातांवर उभे होते. मी काकांकडे वळून म्हटलं, "बियाण्याला ठेवलीत का?" काका मला म्हणाले, "सांग, व्हय. पण पेरणार कोण म्हणा." मी पप्पांकडे वळले. ते म्हणाले, "ऐकलं मी."

गाडीत त्यांनी पुन्हा पिकं मोजली. उलट क्रमानं.

*

फेब्रुवारीच्या शेवटी काका बँकेच्या कामाला शहरात आले होते. घरात आले नाहीत. गेटच्या आत एक पिशवी ठेवून गेले. मम्मीनं व्हिडिओ कॉलवर दाखवली. त्यात कापडाची पुरचुंडी होती, अर्ध्या किलोला थोडी कमी. टपोरे, पांढरे दाणे. मी नेटवर बघितलं. रब्बी ज्वारीला हेक्टरी दहा किलो बियाणं लागतं, म्हणजे एकराला चार किलो, गुंठ्याला शंभर ग्रॅम. त्या पुरचुंडीत चार गुंठ्यांपुरतं बियाणं होतं. काकांच्या चार गुंठ्यांचं त्यांच्याकडे असणारच. हे दुसरे चार गुंठे कुणाचे, ते पिशवीवर लिहिलेलं नव्हतं.

चार आणि चार आठ. पाखरांच्या हिशेबात आठ गुंठ्यांनीही फार फरक पडत नाही, मी मांडून बघितलं. पण माळ्यावर आळीपाळीनं बसायला दोन घरं होतात.

पप्पांनी ते बियाणं बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलं. मम्मीनं विचारलं, याचं काय करायचं? पप्पा म्हणाले, बघू. मम्मी मला फोनवर म्हणाली, "या वेळचं 'बघू' जरा वेगळं वाटलं गं." बटईदाराचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असतो. या पाडव्याला पप्पांनी त्याला सांगितलं, विहिरीकडचे चार गुंठे सोडून कर.

एप्रिलमध्ये मी घरी आले होते. दुपारची वेळ, बाहेर रणरण ऊन. पप्पा डबा उघडून बसले होते. बोटानं दाणे चाळवत होते, कीड लागली का बघत होते. मग त्यांनी फोन उचलला. नंबर पाठ होता. मी स्वयंपाकघरात होते, तिथूनच ऐकलं.

"मी बोलतोय," पप्पा म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "बियाण्यात लिंबाचा पाला घालू का राख?"

पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं, कारण काका फोनवर नेहमी शेताच्या पलीकडे ओरडल्यासारखंच बोलतात.

"राख घाल. पर घरची नको, आगटीची पायजे. म्या ठिवलीय डब्यात. येऊन घिऊन जा."

पप्पा "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला हाक मारली आणि विचारलं, गाडीत पेट्रोल आहे का.